न्हाणीघराचा हिशेब
जुन्या घराची डागडुजी आणि गरम पाण्याचा खरा खर्च

ठाण्यात घर तापवावं लागत नाही. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे गारठा वाढलाच, तर कपाटातला स्वेटर आणि एक जास्तीची गोधडी एवढ्यावर आपली थंडी निभते. उष्णतेसाठी घरात पैसा जातो तो दोनच ठिकाणी, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि न्हाणीघरात. ओट्याचा खर्च गृहिणीला पाठ असतो, कारण सिलिंडर किती दिवस पुरला हे ती मोजते. न्हाणीघराचा खर्च मात्र विजेच्या बिलात मिसळून जातो आणि कोणाच्याच नजरेला पडत नाही.

जुनं घर नवं करायला काढलं की हे फार ठळकपणे दिसतं. फरशीचा रंग ठरवायला दोन रविवार जातात, ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी चार दुकानं पालथी घातली जातात, आणि गिझर घेतला जातो पाच मिनिटांत, दुकानदार जो दाखवेल तो. वास्तविक फरशी एकदाच पैसे मागते. पाणी तापवायची सोय पुढची पंधरा वर्षं रोज मागत राहते. शिवाय जुन्या घरात तिच्या खर्चाचा मोठा भाग दुकानातल्या किमतीत दिसतच नाही. तो भिंतीत, वायरीत, नळात आणि गच्चीवर दडलेला असतो. हा लेख त्या दडलेल्या खर्चाबद्दल आहे.

नाक्यामागची घरं

टेंभी नाका म्हटलं की बाहेरच्यांना आनंद दिघे यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव आठवतो, जुन्या ठाणेकरांना सिव्हिल हॉस्पिटल आणि जैन मंदिर. नाक्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत चरई, जांभळी नाका, खारकर आळी, महागिरी आणि मासुंदा तलावाचा काठ येतो. हे जुनं ठाणं. इथे घरांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. विटांच्या जाड भिंतींची, लाकडी तुळयांची, पागडीची घरं ही पहिली. साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली आरसीसी इमारती ही दुसरी. आणि पुनर्विकासातून उठलेले टॉवर ही तिसरी. कल्याणच्या पारनाक्यावर किंवा डोंबिवलीत फडके रोडच्या गल्ल्यांत गेलात तरी चित्र फारसं वेगळं नाही.

डागडुजी निघते ती मुख्यतः पहिल्या दोन पिढ्यांत. या घरांत पाणी तापवण्याची एक जुनी, नीट विचार करून घडवलेली पद्धत होती. ती म्हणजे तांब्याचा बंब. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत घडलेले बंब ठाण्या-कल्याणच्या घरांतही असत. त्याची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात करवंट्या, ढलप्या, कोळसा किंवा गोवरी, तळाला राख पडायची जाळी, नळीभोवती पाणी. जाळ पाण्याच्या मधून वर जातो, त्यामुळे बरीच उष्णता भांड्याबाहेर न जाता पाण्यात उतरते. वर गार पाणी ओतत राहायचं, खालच्या तोटीतून कढत काढायचं. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला अख्खं कुटुंब एकाच बंबावर आंघोळ करून उठायचं.

बंब गेला त्याला कारणं होती. धूर, राख, वखारीतून आणायचं जळण, आणि मोरीची जागा घेतलेली बंद बाथरूम. त्याच्या जागी आधी रॉड आला, मग गिझर. घराची रचना मात्र तशीच राहिली. ज्या भिंती बंबाच्या काळात बांधल्या, ज्या वायरी दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी ओढल्या, त्यांच्यावरच आज आपण दोन-तीन किलोवॅटचं यंत्र टांगतो. खर्चाचा गोंधळ सुरू होतो तो इथून.

आधी बादल्या मोजा

कोणतंही यंत्र निवडण्याआधी घराला किती गरम पाणी लागतं हे काढावं. गणित शाळेतलंच आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात.

हिवाळ्यात नळाचं पाणी २५ अंशांचं आणि आंघोळीचं ४१ अंशांचं धरू. वीस लिटरची एक बादली १६ अंशांनी तापवायची म्हणजे ३२० किलोकॅलरी. गिझरची टाकी आणि पाइप यांतून वाया जाणारी उष्णता धरून विजेचे साधारण ०.४ युनिट. युनिटचा दर हिशेबापुरता १२ रुपये धरला, तर एका बादलीला पाच रुपये पडतात.

आता हीच बादली वेगवेगळ्या जळणावर मांडून पाहू. पाइप गॅसचा दर घनमीटरला ५० रुपये, गॅस गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर बादलीला साधारण सव्वादोन ते अडीच रुपये. १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशे रुपयांचा धरला, तर जवळपास तेवढेच. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो असं धरलं, तर दीड रुपया. सौर यंत्रावर ऊन असेल त्या दिवशी शून्य. हे दर बदलते आहेत. वाचकांनी आपल्या ताज्या बिलावरचा आकडा इथे घालावा. गुणाकार तोच राहील.

विजेच्या दराबाबत एक गोष्ट इथेच सांगायला हवी. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा बरंच महाग असतं. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. दिवे, पंखे आणि फ्रीज तर चालणारच असतात, त्यामुळे गिझरची युनिटं नेहमी सगळ्यांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर इथे फसवा ठरतो. घराचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्या टप्प्याचा दर धरा. आधीच २८० युनिटं जळणाऱ्या घरात गिझरने ६० वाढवली, तर त्यांतली ४० थेट तीनशेच्या पुढच्या दराने लागतात.

चार माणसांचं, बादलीने आंघोळ करणारं घर घेऊ. हिवाळ्याचे चार महिने रोज वीस रुपये, पावसाळ्यात पाणी कोमट केलं तरी पुरतं म्हणून चौदा-पंधरा, आणि उन्हाळ्यात त्याहून बराच कमी, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी मुळातच तापलेलं असतं. वर्षाचा खर्च पाच हजार रुपयांच्या आसपास येतो.

याच घराने बादली सोडून शॉवर घेतला, तर? मिनिटाला आठ लिटर सोडणारा शॉवर सहा मिनिटं चालला की ४८ लिटर. बादलीच्या जवळजवळ अडीचपट. वर्षाचा खर्च बारा हजारांवर जातो. यंत्र तेच, दर तोच. म्हणजे जुन्या घरात नवी बाथरूम करताना पाणी तापवण्याच्या खर्चाचा सगळ्यांत मोठा निर्णय शॉवरची चकती निवडताना होतो. कमी पाणी सोडणारी चकती घेतली तर गिझरही लहान लागतो, वायरही बारीक चालते.

टाकी केवढी घ्यायची

मोठा गिझर म्हणजे चांगला गिझर ही समजूत दुकानात पक्की केली जाते. हिशेब असा आहे. १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर गेलं आणि त्यात २५ अंशांचं गार पाणी मिसळून ४१ अंशांचं केलं, तर कागदावर ३३ लिटर मिळतं. प्रत्यक्षात आत येणारं गार पाणी मिसळत राहतं म्हणून थोडं कमी. म्हणजे दीड बादली. २५ लिटरच्या टाकीतून अडीच बादल्या. दोन किलोवॅटच्या गिझरला १५ लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला अठरा-वीस मिनिटं लागतात. एकामागून एक आंघोळी करणाऱ्या चौघांना पंधरा लिटरची टाकी पुरते. दोघं आंघोळ करेपर्यंत ती पुन्हा तापते.

तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर स्वस्त असतो आणि जागा कमी घेतो. तो मिनिटाला पावणेतीन लिटर पाणी १६ अंशांनी तापवतो. बादली भरायला सात मिनिटं. बादलीसाठी चालेल. शॉवर मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. स्वयंपाकघराच्या सिंकला तो उत्तम.

साठवणीच्या गिझरवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल असतं. पाणी न वापरता टाकी चोवीस तास नुसती गरम ठेवली तर किती वीज वाया जाते, यावर हे तारे ठरतात. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घरात पाच तारे पैसे वाचवतात. आंघोळीआधी वीस मिनिटं चालू आणि मग बंद अशी शिस्त असलेल्या घरात ताऱ्यांमधला फरक खूपच कमी होतो. तिथे जास्तीचे दोन हजार रुपये ताऱ्यांऐवजी चांगल्या वायरीवर घालावेत.

भिंतीतला खर्च

चरईतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम चालू होतं तेव्हा तिथल्या वायरमनने मीटरच्या पेटीजवळ आधी थांबवलं. घरच्या काकूंनी गिझर आणून ठेवला होता, खोकंही फोडलं होतं. तो म्हणाला, "काकू, गिझर कुठलाही लावू. आधी मीटरपासूनची वायर बघू द्या." लाकडी पट्टीवरची वायर त्याने एका ठिकाणी उचकटली. आत अॅल्युमिनियमची जुनी तार होती. वरचं रबर हाताने दाबताच बिस्किटासारखं चुरत होतं. जोडाजवळ ते काळं पडलेलं. बाथरूमच्या बाहेर पाच अँपियरचा गोल पिनांचा प्लग होता आणि त्यात अर्थिंगची तिसरी पिन होती ती कुठेही न जोडलेली.

दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ अँपियर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर लागते, साध्या गिझरला किमान अडीच चौरस मिलिमीटरची, मोठ्या यंत्राला किंवा लांब पल्ल्याला चारची. सोळा अँपियरचं सॉकेट, त्याची स्वतःची एमसीबी, आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. शेवटची वस्तू लोक वगळतात, कारण तिच्यावाचून गिझर चालतो. पण गिझरचं एलिमेंट फुटून पाण्यात करंट उतरला तर माणसाचा जीव वाचवते ती हीच. आणि जुन्या इमारतीत अर्थिंगचा खड्डाच बुजलेला किंवा तारच तुटलेली असेल, तर ते काम एका घराचं राहत नाही. सोसायटीने मिळून करावं लागतं.

त्याच्या पुढचा प्रश्न मंजूर भाराचा. जुन्या मीटरवर मंजूर भार बहुधा फारच कमी असतो. एसी, गिझर आणि ओव्हन आले की तो ओलांडला जातो. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, आणि कधी इमारतीच्या मुख्य केबलचा प्रश्न, हे सारं डागडुजीच्या सुरुवातीलाच निघायला हवं. रंग देऊन झाल्यावर भिंतीत झिरी मारायला लागली की खर्च दुप्पट होतो.

आता नळ. जुन्या घरांतले जीआयचे पाइप आतून गंजून त्यांचं भोक बोटभरही राहत नाही. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच हवा. साधा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी असतो. गरम पाण्याने तो मऊ होतो, वाकतो, सांध्यात गळतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून पाइपवरचा छाप स्वतः वाचावा. पाइप भिंतीत गाडायचा असेल तर जुना कोबा फुटतो, वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं, आणि ते नीट झालं नाही तर खालच्या घराच्या छताला ओल येते. हा खर्च कोणत्याही गिझरच्या किमतीपेक्षा मोठा आहे. बाथरूम मुळापासून करायची नसेल, तर पाइप भिंतीवरून उघडा नेण्यात कमीपणा काही नाही. गळती दिसते, दुरुस्ती एका तासात होते.

भिंतही पाहावी लागते. २५ लिटरचा भरलेला गिझर चाळीस किलोच्या आसपास भरतो. चार इंची भिंतीवर, चुन्याच्या जुन्या गिलाव्यात नुसते फास्टनर धरत नाहीत. पलीकडून पट्टी देऊन आरपार बोल्ट घ्यावा, किंवा खाली लोखंडी ब्रॅकेटचा आधार द्यावा.

पाण्याच्या दाबाचंही तसंच. जुन्या इमारतीत सगळ्यांत वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी डोक्यावर आठ-दहा फुटांवरच असते. तेवढ्या दाबावर गॅस गिझर पेटतच नाही किंवा मध्येच विझतो. यंत्र घेण्याआधी पाच लिटरचं भांडं नळाखाली धरून किती सेकंदांत भरतं ते पाहा आणि तो आकडा दुकानात सांगा.

गॅस: स्वस्त, पण एका अटीवर

महानगर गॅसची पाइपलाइन ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बऱ्याच भागांत पोहोचली आहे. वरच्या हिशेबात गॅस विजेच्या निम्म्या खर्चात पाणी तापवतो. बादलीवाल्या घरात वर्षाला अडीच-पावणेतीन हजार, शॉवरवाल्या घरात सहा हजारांहून जास्त वाचतात. गिझर आणि जास्तीचा गॅस पॉइंट यांचा खर्च काही वर्षांत भरून निघतो.

पण हे यंत्र बंद बाथरूमच्या आत लावायचं नाही. जळण्यासाठी ते खोलीतला प्राणवायू ओढतं. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दाराला आतून कडी असते. आपल्याकडच्या डॉक्टरांनी अशा दुर्घटनांवर वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार लिहिलं आहे. जुन्या घरांत ही भीती जास्त, कारण मोरीची बाथरूम करताना धूर जायचा झरोका बुजवलेला असतो, किंवा तो ज्या डक्टमध्ये उघडतो तोच शेजाऱ्याने पत्र्याने झाकलेला असतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत किंवा उघड्या डक्टच्या तोंडाशी, धुराड्यासकट बसवता येत असेल तरच गॅसचा विचार करावा. अशी जागा नसेल तर वर्षाचे अडीच हजार सोडून द्यावेत.

गच्ची कोणाची

सौर पाणी तापवणीच्या बाबतीत हा पट्टा मागे नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं केंद्र सरकारच्या सौर शहर कार्यक्रमात होती. नव्या इमारतींना सौर यंत्रणा बंधनकारक करण्यात दोन्ही महापालिकांनी पुढाकार घेतला. मालमत्ता करात सवलत देण्याचं धोरण ठाणे, पुणे अशा महापालिकांनी अवलंबलं. चालू वर्षी ती कशी मिळते हे प्रभाग समितीच्या कर विभागात विचारावं. सौर हीटरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच थांबलं. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॅट आणि त्यावर ७८ हजार रुपये, हे वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या यंत्रासाठी नाही. विक्रेत्याने दोन्हींची सरमिसळ केली तर सावध व्हा.

जुन्या इमारतीत सौर हीटर लावण्यापुढे तीन प्रश्न असतात. पहिला वजनाचा. १०० लिटरची यंत्रणा पाणी आणि सांगाडा धरून दीडशे किलोच्या पुढे जाते. चार घरांनी चार लावल्या की जुन्या स्लॅबवर सहाशे किलो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्याच्या कलम २६५ अ प्रमाणे बंधनकारक आहे. तो अहवाल हातात आल्याखेरीज गच्चीवर टाकी चढवू नये.

दुसरा प्रश्न पाइपच्या लांबीचा. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण ०.३ लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वीस मीटर पाइप असेल, तर गरम पाणी येण्याआधी सहा लिटर गार पाणी सोडावं लागतं. ते बादलीत धरून ठेवलं नाही तर रोज वाया. पाइपला इन्सुलेशन नसेल तर वर तापलेलं पाणी खाली कोमट होऊन पोहोचतं. वरच्या दोन मजल्यांना सौर परवडतं, खालच्यांना नाही, या अनेकांच्या अनुभवाचं कारण हेच.

तिसरा प्रश्न हक्काचा आणि हवेचा. गच्ची सोसायटीची असते. पागडीच्या घरात मालकाची. ठरावाशिवाय किंवा लेखी परवानगीशिवाय लावलेली टाकी पुढे वादाला कारण होते. आणि कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने सूर्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून विजेचा गिझर जोडीला लागतोच. बोअरवेलचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतात.

आकड्यांत सांगायचं तर बादलीवाल्या चौघांच्या घरात सौर यंत्र वर्षाला चारेक हजार वाचवतं, आणि यंत्र, पाइप, इन्सुलेशन धरून चाळीसेक हजार खाऊ शकतं. म्हणजे दहा वर्षं. एकत्र कुटुंब असेल, शॉवर असेल, किंवा अख्ख्या सोसायटीने मिळून एकच सामाईक यंत्रणा केली, तर हाच काळ बराच आखूड होतो. हीट पंपाचंही असंच. वसतिगृह, रुग्णालय, लॉज अशा ठिकाणी तो लवकर पैसे फेडतो. ठाण्यातल्या एका घराची मुळात पाच हजारांचीच गरज असेल, तर त्यातली दोन तृतीयांश बचत त्याच्या भारी किमतीला पुरी पडत नाही.

घर किती वर्षं उभं राहणार?

जुन्या ठाण्यात हा प्रश्न सगळ्या हिशेबांच्या वर बसतो. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ ब म्हणजे राहत्या माणसांसह दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. आपली इमारत कोणत्या वर्गात आहे आणि सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी कुठपर्यंत आली आहेत, हे कळल्याशिवाय दहा वर्षांत फेडणारं कोणतंही यंत्र घेणं धोक्याचं आहे.

चार-पाच वर्षांत इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर सोबत नेता येईल तेवढ्यावरच खर्च करा. गिझर काढून नेता येतो. एमसीबीचा बोर्ड काही प्रमाणात. भिंतीत गाडलेला पाइप, कोबा, फरशी यांतलं काहीही येत नाही. अशा घरात चांगल्या प्रतीचा १५ लिटरचा गिझर, उघड्यावरून नेलेला सीपीव्हीसी आणि नवी वायर, एवढंच करावं. वायरीवरचा खर्च मात्र एक वर्ष राहायचं असलं तरी करावा. तो बचतीसाठी नाही, जिवासाठी आहे.

गारठ्याच्या देशातली मराठी घरं

लंडन, लीड्स किंवा जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या आकड्यांत येतो. तिथे पाण्याबरोबर सगळं घर तापवावं लागतं. इंग्लंडात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची विटांची घरं घेणाऱ्यांना गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवायला सरकार ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. जर्मनीनेही २०२४ पासून नव्या तापन यंत्रणांसाठी नियम कडक केले. या देशांत जाणकार पहिला सल्ला देतात तो यंत्राचा नसतो. छताला इन्सुलेशन घाला, खिडक्यांच्या फटी बुजवा, मग घराची उरलेली गरज मोजा आणि त्या मापाचं यंत्र घ्या. उष्णता गळत असलेल्या घरात मोठं यंत्र बसवणं म्हणजे गळतीचंच बिल वाढवणं.

ठाण्यातल्या घराला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो, फक्त छताच्या जागी शॉवर, पाइप आणि चालू राहिलेला गिझर येतो. पुढचा विचार हवामानाप्रमाणे वेगळा करावा लागतो. नाशिकला किंवा महाबळेश्वरला पाणी अधिक गार असतं, हिवाळा लांब असतो, आणि सौर यंत्राचे पैसे लवकर वसूल होतात. तिथल्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा टेंभी नाक्यावर चालत नाही.

कोटेशन कसं मागायचं

कंत्राटदार "गिझर पॉइंटसकट बाथरूम" असा एकच आकडा देतो. तो घेऊ नका. चार रकाने मागा. पहिला, यंत्राची किंमत. दुसरा, वीज: वायर, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग, वाढीव भार. तिसरा, नळ आणि भिंत: पाइपचा प्रकार, फोडकाम, वॉटरप्रूफिंग, आधार. चौथा, वर्षाचा चालू खर्च: बादल्या गुणिले दर, आणि सोबत दुरुस्ती. साठवणीच्या गिझरमधली मॅग्नेशियमची कांडी गंज स्वतःवर घेते आणि टाकी वाचवते. जड पाण्यात ती लवकर झिजते. ती वेळेवर बदलली नाही तर टाकीला भोक पडतं आणि यंत्र भंगारात जातं. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो कधीही बंद करू नये. दाब बाहेर सोडणं हेच त्याचं काम आहे.

चौथ्या रकान्याला घरात राहायच्या वर्षांनी गुणा आणि पहिल्या तिघांत मिळवा. जो आकडा येईल ती त्या सोयीची खरी किंमत. दोन-तीन पर्याय असे शेजारी मांडले की निर्णय आपोआप समोर येतो.

या सगळ्या हिशेबातून टेंभी नाक्याच्या परिसरातल्या बहुतेक जुन्या घरांसाठी निघणारा निष्कर्ष साधा आहे. बादलीने आंघोळ करणाऱ्या लहान कुटुंबाने १५ लिटरचा चांगला विजेचा गिझर घ्यावा आणि वाचलेला पैसा नव्या वायरीवर, आरसीसीबीवर आणि अर्थिंगवर घालावा. मोकळ्या हवेची खात्रीची जागा असेल आणि पाण्याला दाब असेल, तर पाइप गॅस सगळ्यांत किफायतशीर. सौर यंत्रणा एकट्या घराने नव्हे, इमारत मजबूत असल्याचा अहवाल हाती घेऊन सोसायटीने मिळून करावी. हीट पंप आपल्या गरजेला आज तरी महाग आहे.

दिवाळीनंतर डागडुजीचे मुहूर्त निघतात. फरशीचं दुकान गाठण्याआधी एका सकाळी घरच्या बादल्या मोजा, मीटरपासून बाथरूमपर्यंतची वायर वायरमनकडून उघडून घ्या, आणि बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर कागदावर लिहा. या तीन गोष्टी हातात असल्या, तर दुकानदार कोणताही असो, तुम्हाला काय हवं आहे हे त्याच्याआधी तुम्हाला कळलेलं असेल.